लाल गाडीचं खातं

आमच्या ग्रुपमधला एक जण हिंजवडीला नोकरी करतो, कोथरूडहून बसने जातो आणि २०१६ पासून ऑडी टीटीसाठी पैसे साठवतोय. हसू नका. आम्ही सगळे हसून झालोय.

पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा त्याने महिना दहा हजारांची एसआयपी सुरू केली आणि डायरीत तिचं नाव लिहिलं, 'लाल गाडी'. टार्गेट २५ लाख, तेही सेकंडहँडसाठी. लोन नाही म्हणजे नाही. घरासाठी कर्ज काढीन, मजेसाठी नाही, हा त्याचा हट्ट. आईने एकच विचारलं, "अरे, एवढे पैसे मोजायचे, आणि मी बसू कुठे?" प्रश्न रास्त होता. टीटीला मागे दोन सीट्स असतात खऱ्या, पण तिथे लॅपटॉपची बॅगच काय ती सुखाने बसते!

पहिला दणका मार्च २०२० मध्ये. जानेवारीत ४२ हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. फंडाचा तिसरा हिस्सा बघता बघता गायब. साहेबांनी एसआयपी थांबवली नाही, एवढंच.

दुसरा दणका मात्र जिव्हारी लागला. एप्रिल २०२१, बाबा अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये. मेडिक्लेम फक्त ऑफिसचा, तीन लाखांचा. बिल त्याच्या दुपटीच्याही वर. उरलेले चार लाख 'लाल गाडी'तून गेले. बाबा घरी आले. गाडीचा विषय घरात कोणी काढला नाही, त्यानेही नाही.

मग त्याने रांग बदलली, आणि मला वाटतं खरी अक्कल इथेच आहे. आधी आईबाबांची वेगळी मेडिक्लेम (त्या वयात प्रीमियम ऐकूनच घाम फुटतो). मग सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत. मग स्वतःची टर्म पॉलिसी. एवढं झाल्यावर गाडीला उरले महिना तीन हजार. तीन हजारांत टीटी! दीड वर्ष तो तेवढेच भरत राहिला. पगार वाढला, तेव्हा कुठे आकडा पंधरावर गेला.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑडीनेच टीटी बनवणं बंद केलं. हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली. मी फोन केला, तर म्हणाला, "मला कुठे नवी घ्यायची होती?" आवाज पडलेला होता पण. कारण आता आहेत त्याच गाड्या, त्याही दरवर्षी म्हाताऱ्या होणार. पार्ट्स बाहेरून मागवायचे. म्हणून टायर, सर्व्हिस आणि इन्शुरन्ससाठी तीन लाख वेगळे हवेत, असं त्याने ठरवलंय. टार्गेट २८.

सध्या जमलेत १४. शेअर्समधला पैसा तो आतापासूनच थोडा थोडा एफडीत हलवतोय, २०२० विसरलेला नाही.

मागच्या रविवारी तो आईबाबांना घेऊन एका डीलरकडे गेला. नुसती बघायला. आई पुढच्या सीटवर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "आरामशीर आहे हं." बाबा बाहेर उभे. मागे वाकून बघत म्हणाले, "माझी रिक्षा सांगून ठेव."