आधी भीती, मग चेंडू



आमच्या शिरूर अनंतपाळला मुलांना क्रिकेट शिकवावे लागत नाही. ते गल्लीतच येते. सॉफ्टबॉल मात्र शिकवावा लागतो. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात, म्हणून आम्ही सहावी-सातवीपासून सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात चूक केली.

नाव ‘सॉफ्ट’ असले तरी हा चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर 12 इंच. क्रिकेटच्या चेंडूहून मोठा आणि वजनालाही जास्त. आम्ही तो थेट मुलांच्या हाती दिला. सातवीतल्या एका मुलीने झेल घेताना डोळे मिटले आणि चेंडू ओठावर बसला. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. अम्मीने चहा दिला, पण मनातले लपवले नाही. “आपा, पोरीची जात. तोंडावर खूण राहिली तर लोक तुम्हाला विचारणार नाहीत, आम्हाला विचारतील.” दादींनी दुसरा प्रश्न केला, “आणि कपडे?”

कपड्यांचे उत्तर सोपे होते. या खेळात बेसकडे घसरत जावे लागते, म्हणून पूर्ण पँट सोयीचीच. वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपीखाली घट्ट स्कार्फ, पण टाचणी नको. पहिल्या प्रश्नावर आम्ही एवढेच म्हणालो, “चूक पोरीची नाही, आमची आहे.” अम्मी म्हणाल्या, “मग आधी तुम्ही शिका, नंतर तिला शिकवा.”

बोल लागले, पण खरे होते. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता नवख्यांना पहिले काही दिवस जुन्या मोज्यांचा गोळा देतो, मग टेनिसचा चेंडू, शेवटी खरा. अंतर आधी पाच पावले, मग दहा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, हेही मुलांना नवे असते. छातीच्या वरचा चेंडू बोटे वर करून, कमरेखालचा बोटे खाली करून घ्यायचा. डोळे मिटले तर ओरडायचे नाही. एक पाऊल जवळ जाऊन हळू फेकायचे.

क्रिकेटची सवयही मोडावी लागते. मुले बॅट हातात घेऊनच पळतात. इथे फटका मारला की बॅट खाली ठेवून पळायचे. भिरकावली तर मागच्या कॅचरला लागेल. पहिला बेस ओलांडून सरळ पुढे गेले तरी चालते. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबावे लागते. बेसमधले अंतर 60 फूट असते, लहानांसाठी आम्ही 40 वर आखतो.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. पहिलाच झेल तिने उघड्या डोळ्यांनी घेतला. आम्ही विचारले, “कुठे शिकलीस?” ती हसली. “अम्मी रोज असरनंतर अंगणात मोज्यांचा गोळा फेकते.”

भगिनींनो, मैदान शाळेकडे असते, पण मुलांची भीती घरातच लवकर जाते. मोजे तर प्रत्येक घरात असतातच. संध्याकाळची दहा मिनिटे काढून पाहा.