जीर्णोद्धार की पाडापाडी?

परवा शनिवारी पुन्हा खिद्रापूरला जाऊन आलो. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांचं, १२ व्या शतकातलं. पुढे यादव सिंघणाने शिलाहार भोजाला हरवलं. मग शत्रूचं देऊळ पाडलं का? उलट देवाला गाव दान दिलं. तसा १२१३ च्या सुमाराचा शिलालेखच आहे.

आणि आपण? आमच्या गावात पणजोबांच्या काळचं दगडी देऊळ पाडून स्लॅब टाकला, वर बाथरूमच्या टाइल्स. देणगीदारांची ग्रॅनाइटची पाटी मात्र झक्कास! कारण काय, तर गळतं म्हणे. अहो, एका बगसाठी कोणी अख्खी सिस्टीम डिलीट करतं का? खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाला तर मधोमध छप्परच नाही, तरी ४८ खांब उभे आहेत.

वर्गणी मागायला आले की आधी विचारा: दुरुस्त करणार, की पाडणार?