लातूरची हवा मोजतात, चुलीपुढच्या बाईची कोण मोजणार?

केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर शहर आहे. शहराची धूळ मोजायची, कमी करायची. चांगलं आहे. पण त्याच जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत तुराट्या जाळून भाकरी भाजणारी बाई कोणत्या यादीत आहे? देशाची हवेची मानकं बाहेरच्या हवेसाठी आहेत. घरातला धूर ही म्हणे घरातली बाब!

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2020 साली घरातल्या धुराने जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. त्यात पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून जास्त लेकरं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही, तिची फुप्फुसं चुलीने निकामी होतात.

"उज्ज्वला आहे की, पण बायकांनाच चुलीची सवय," असं सांगितलं जातं. सांगणारे हायवेवर 'चुलीवरचं मटण' ही पाटी दिसली की गाडी थांबवतात. चव यांना, धूर स्वयंपाकिणीला.

सवय कसली? साधा हिशेब आहे. तुरी निघाल्या की मजूर बाई तुराट्यांचा भारा डोक्यावर घरी आणते, पैसा लागत नाही. टाकीला मात्र आधी पूर्ण रक्कम मोजायची, 300 रुपयांचं अनुदान मागाहून खात्यावर. एप्रिल 2025 मध्ये टाकी 50 रुपयांनी वाढली, उज्ज्वलाच्या बायकांनाही सोडलं नाही. काम नसलेल्या आठवड्यात एवढी रोकड भूमिहीनाच्या घरात कुठून येणार? आणि भूमिहीन कोण, हे या गावगाड्यात जातीनेच ठरवलंय.

घरकुलाचंही तेच. रमाई आवासचं घर 269 चौरस फुटांचं. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच लेकराचं दप्तर.

20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. हवा तर कुणाच्या मालकीचीच नाही. तरी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत धूर कधी येत नाही. तो पर्यावरणवाल्यांचा विषय समजून आपण सोडून दिलाय.

अनुदान वजा करूनच टाकी द्या. घरकुलात स्वयंपाकाची जागा वेगळी, धुराला वाट असलेली द्या. आशाताईंच्या नोंदीत चूल कुठे पेटते हेही लिहा. 1 मेच्या ग्रामसभेत हे लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.