पाच पायऱ्यांची गीतमाला

बालदोस्तांनो,

आजी-आजोबांना एकदा विचारून पाहा, "बुधवारी रात्री आठ वाजता तुम्ही काय ऐकायचात?" पुष्कळ घरांतून एकच उत्तर येईल : बिनाका गीतमाला! १९५२ साली रेडिओ सिलोनवर हा कार्यक्रम सुरू झाला. अमीन सायानी हिंदी चित्रपटांतली गाजलेली गाणी क्रमानं लावायचे, पण उलटीकडून, म्हणजे शेवटच्या नंबरापासून पहिल्यापर्यंत. प्रत्येक क्रमांकाला ते 'पायदान' म्हणायचे. पायदान म्हणजे पायरी. आज पहिल्या पायरीवर कोण, म्हणून मंडळी रेडिओला कान लावून बसायची.

आज आपणही तशीच गीतमाला करू या. फक्त गाणी मराठी, आणि खास मुलांची. निवड माझी आहे बरं का! पटली नाही तर भांडायला तुम्ही मोकळे.

पाचवी पायरी : 'चॉकलेटचा बंगला'. राजा मंगळवेढेकरांचं गीत, मीना खडीकरांचं संगीत आणि आवाज मुलांचेच. मोठ्यांनी लहान आवाज काढून म्हटलेलं नाही, म्हणून मला ते आवडतं. हे गाणं झालं की मी वर्गात सांगते, आता आपापला बंगला काढा. एकदा एकानं भाकरीच्या भिंती आणि पापडाचं छप्पर काढलं होतं!

चौथी पायरी : 'अग्गोबाई ढग्गोबाई'. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी या जोडीचं हे गाणं यादीतलं सर्वांत नवं, म्हणजे एकविसाव्या शतकातलं. जोडाक्षराला ज्यांची जीभ अडखळते, त्यांना मी हे म्हणायला लावते. 'ग्ग' कसा पटकन येतो!

तिसरी पायरी : मंगेश पाडगांवकरांचं 'सांग सांग भोलानाथ'. भोलानाथ म्हणजे दारोदार फिरणारा नंदीबैल. नंदीवाला प्रश्न विचारणार, ढोलकं गुबुगुबू वाजवणार आणि बैल मान हलवणार. गाण्यातल्या मुलाला सुट्टी हवी आहे. गंमत सांगू? पावसाळ्यात हाच प्रश्न आम्हा शिक्षकांच्याही मनात असतो.

दुसरी पायरी : 'नाच रे मोरा'. १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं हे गाणं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसले यांचा, आणि चाल कोणाची? पु. ल. देशपांडे यांची! हो, तेच, 'बटाट्याची चाळ' लिहिणारे. गदिमा आणि पु. ल. दोघंही १९१९ सालचे. तिशी ओलांडलेल्या दोन मोठ्या माणसांनी केलेलं हे गाणं सत्तर वर्षांनंतरही बालवाडीतली पोरं नाचत म्हणतात.

आणि पहिली पायरी : 'एका तळ्यात होती'. गदिमांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि पुन्हा आशाताई. गोष्ट मूळची डेन्मार्कच्या अँडरसनची, १८४३ सालची. बदकांच्या पिलांत एक पिलू वेगळं, कुरूप. त्याला कोणी खेळायला घेत नाही. पुढं पाण्यात स्वतःचं रूप दिसतं आणि त्याला कळतं, आपण तर राजहंस!

हे पहिलं का, ते सांगते. माझ्या दुसरीच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली, लांबच्या गावाहून. तिची बोली वेगळी. ती बोलली की मुलं हसायची. मी रागावले की तेवढ्यापुरती गप्प व्हायची. हळूहळू ती बोलेनाशीच झाली. मी रोज शेवटच्या तासाला हे गाणं घेऊ लागले. उपदेश काहीच केला नाही. चौथ्या दिवशी ती उठून म्हणाली, "बाई, त्या पिलाला आधीच कोणी का नाही सांगितलं, तू बदक नाहीस म्हणून?" मला उत्तर सुचेना. पुढच्या बाकावरचा, सगळ्यात जास्त हसणारा मुलगाच म्हणाला, "त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?" मधल्या सुट्टीत दुसऱ्या दिवशी तो तिला लंगडीला बोलवायला गेला. गाण्यानं जे केलं, ते माझ्या रागावण्यानं झालं नव्हतं.

आता तुमची पाळी. आई, बाबा, आजी, आजोबा, सर्वांना विचारून घरची पाच पायऱ्यांची यादी करा. प्रत्येक गाण्यापुढं तीन नावं लिहा : कोणी लिहिलं, चाल कोणी लावली, कोणी गायलं. गाणारा लक्षात राहतो, बाकीचे दोघं विसरले जातात.

आणि पालकहो, मुलांनी विचारलं की लगेच मोबाइलवर लावून देऊ नका हं. आधी स्वतः म्हणून दाखवा. सूर हुकला तरी चालेल!

तुमच्या,
बाई