पार्ट शोधण्याआधी पार्ट वाचा

जरीपटक्यात आमच्या ओळीतल्या एका घरचा टीव्ही मध्यंतरी बंद पडला. लाल दिवा लुकलुकायचा, पण चित्र येत नव्हते. मेकॅनिकने मागचे झाकण उघडले आणि पूर्ण पॉवर कार्ड बदलावे लागेल असे सांगून गेला. घरात वडील रोजंदारीवर, आई चार घरची कामे करते. कार्डाचा खर्च म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. थोरला मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकतो. त्याने कार्ड निरखून पाहिले तर एका कंडेन्सरचे डोके फुगलेले. "बाबा, कार्ड कशाला? हा एवढासा पार्ट आहे, मी बदलतो," म्हणाला आणि मोबाइलवरून मागवला.

चार दिवसांनी पार्सल आले. पार्टाच्या किमतीपेक्षा घरपोच पाठवण्याचा खर्चच जास्त, आणि पार्ट चुकीचा! जुन्यावर लिहिले होते १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. नवा १००० मायक्रोफॅरडचा खरा, पण १० व्होल्टचा. लावला असता तर फुटला असता. पोराने शोधताना "टीव्ही कपॅसिटर" एवढेच टाइप केले होते आणि सर्वांत स्वस्त दिसला तो घेतला होता. वडील काही बोलले नाहीत, पण पोराचा चेहरा उतरला.

बर्डीवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराच्या हातात जळका पार्ट ठेवला, की तो उलटसुलट पाहून जोडीचा काढून देतो. वेबसाइट तसे पाहू शकत नाही. पुण्याच्या मॅकफॉस कंपनीची रोबू असो की १९७२ साली अमेरिकेत सुरू झालेली डिजी-की, आपण टाइप करू तेच ती शोधणार. म्हणून दुकानदाराची ती पारख आता आपल्या मुलामुलींना शिकावी लागेल.

पहिली गोष्ट, पार्टावरचे सगळे वाचा आणि वहीत उतरवा. कंडेन्सर असेल तर मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि तापमान. टीव्हीच्या कार्डावर बहुधा १०५ अंशांचा असतो. तिथे ८५ अंशांचा लावला तर लवकर जातो. पट्टीने जाडी, उंची आणि दोन पायांतले अंतरही मोजा. नाहीतर पार्ट बरोबर येतो, पण झाकण बसत नाही. मायक्रोफॅरड तेवढेच घ्यावे. व्होल्ट मात्र तेवढे किंवा थोडे जास्त चालतात. २५ च्या जागी ३५ चालेल, १६ घेऊ नये.

दुसरी गोष्ट, शोधताना आधी विभाग निवडा. कपॅसिटर, त्यात इलेक्ट्रोलिटिक. मग बाजूला चाळण्या असतात, ज्यांना फिल्टर म्हणतात. धान्य निवडताना आई आधी मोठी चाळणी घेते, मग बारीक. तसेच इथे. आधी "स्टॉकमध्ये आहे" यावर खूण करा. मग पायांचा की बोर्डावर चिकटणारा एसएमडी, ते ठरवा. मग मायक्रोफॅरड, मग व्होल्ट, शेवटी तापमान आणि माप. हजारो पार्टांची यादी दहा-वीसवर येते. एकही उरला नाही तर शेवटची चाळणी काढून पाहा.

तिसरी गोष्ट, नंबराची भाषा. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ लिहिलेले असते. त्याचा अर्थ १० वर चार शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड. तेच १०० नॅनोफॅरड, तेच ०.१ मायक्रोफॅरड. एका नावाने सापडला नाही तर दुसऱ्या नावाने शोधा. जपानी पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर सी ९४५ किंवा डी ८८२ एवढेच छापतात. पूर्ण नाव २एससी९४५ आणि २एसडी८८२. पुढचे "२एस" जोडून टाइप केले की लगेच सापडतो. आयसीचे उलटे आहे. एल७८०५सीव्ही सापडत नसेल तर पुढची-मागची अक्षरे गाळून नुसते ७८०५ टाका. पुढची अक्षरे बहुधा कंपनीची खूण असतात, मागची घडणीची. पण मागची अक्षरे बदलली तर आकार आणि पाय पुन्हा तपासा.

चौथी गोष्ट, पैसे देण्याआधी डेटाशीट उघडा. बहुतेक पार्टांची ती फुकट मिळते. इंग्रजीला घाबरू नका, पहिल्या एक-दोन पानांवरचे चित्र पाहा. ७८०५ आणि एलएम३१७ दिसायला सारखेच, तीन पाय आणि वर धातूची पट्टी. पण छापलेली बाजू समोर धरली तर ७८०५ चा डावा पाय इनपुट, आणि एलएम३१७ चा इनपुट उजवीकडे. दिसण्यावर गेलो तर फसलो.

पाचवी गोष्ट, किंमत नीट वाचा. मोठ्या साइटवर दिसणारा सर्वांत कमी भाव बहुधा हजारो नग एकदम घेणाऱ्यासाठी असतो. कमीत कमी किती नग घ्यावे लागतात, कर किती, घरपोच खर्च किती, हे जोडूनच हिशेब करा. एकच कंडेन्सर हवा असेल तर इंदोरा चौकातून मेट्रोने बर्डी गाठणे स्वस्त पडते. वस्तीतल्या चार जणांनी यादी एकत्र करून मागवली तर तोच खर्च वाटला जातो.

आणि एक सांगणे जिवाचे आहे. टीव्हीच्या पॉवर कार्डावरचा मोठा कंडेन्सर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास वीज धरून राहू शकतो. शिकलेल्या माणसाशिवाय तिथे हात घालू नका. मायक्रोवेव्ह ओव्हन तर घरी उघडूच नका.

आमच्या शेजारच्या पोराने दुसऱ्या वेळी आधी वही काढली. जुना पार्ट पट्टीवर ठेवून मोजला: १० मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर उंच. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश. या वेळी त्याने दोन नग मागवले, आणि आयटीआयच्या सरांसमोर बसून एक लावला. टीव्ही सुरू झाला. त्या संध्याकाळी वडिलांनी शेजारच्या तीन घरी स्वतः जाऊन सांगितले, की आमच्या पोराने दुरुस्त केला. आता त्या वहीत दुसऱ्यांच्या घरचे पार्टही उतरू लागले आहेत, आणि पोरगा त्याचे पैसे घेतो.