खानदेशची थंडी

खानदेश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळाच येतो. परंतु याच जळगाव-धुळ्याकडे पौषातल्या काही रात्री पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, आणि सातपुड्यात डाबकडे तर गवतावरचे दवही कधी कधी गोठते. आपल्याला शाल आहे, चहा आहे. झाडाने जावे कुठे?

रावेर-यावलची केळी मी अशा दिवसांत पाहिली आहे. केळ मुळात उष्ण, दमट हवेची. पारा १६ च्या खाली गेला की तिची वाढ मंदावते, १० च्या खाली पाने पिवळी पडून करपतात, आणि ऐन निसवणीत घड खोडातच अडकतो. शेतकरी मग रात्री विहिरीचे पाणी देतो, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. वर्षाची कमाई त्या घडाला लटकलेली, झोप कशी लागावी?

रानातल्या सागाचे निराळेच. कोरड्या डोंगरउतारावर तो मार्गशीर्ष-पौषापासूनच पाने गाळू लागतो. हे खरे म्हणजे पाणी वाचवण्यासाठी; पण थंडीला करपवायलाही मग फारसे उरत नाही. (मला तर तो थोडा धूर्तच वाटतो!) हाल होतात ते कोवळ्या रोपांचे. निरभ्र रात्री गार, जड हवा दरीच्या तळाशी साचते. पेशींच्या मधले पाणी गोठते, पेशींतले पाणी ओढून घेते, आणि पुढे शेंडा काळा पडतो. म्हणूनच सागाची रोपे खोलगट जागी लावू नयेत. मूळ शाबूत राहिले, तर मात्र बुंध्यापासून नवा फुटवा येतो.