बिल उरते, केसपेपर नाही

उपचारादरम्यान पाळीव प्राणी दगावला की मालकाच्या हाती बहुधा बिल उरते. केसपेपर, म्हणजे लक्षणे, निदान आणि दिलेल्या औषधांची लेखी नोंद, अनेकदा मिळतच नाही, आणि मुक्या रुग्णाच्या बाबतीत तर तीच खरी साक्ष असते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये हा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरता राखीव असून, पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली केवळ किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. हा भेद शहरी, सुशिक्षित मालकांनाही क्वचितच ठाऊक असतो. त्यामुळे औषध कोणाच्या हातून गेले, हे महत्त्वाचे ठरते: उदाहरणार्थ, माणसांचे पॅरासिटामॉल मांजरीसाठी प्राणघातक ठरते, कारण ते निर्विष करण्याची तिच्या यकृताची क्षमता तोकडी असते. परंतु ते नेमके कोणी दिले, हे नोंद आणि शवविच्छेदनाच्या अहवालावाचून राज्य पशुवैद्यक परिषदेपुढे वा ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.